बोरू आणि कुदळ

लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असा एक काळ येतो की ज्या काळात त्याच्यापाशी सवड असते, विषय असतात, वाचनाचा संचय असतो, प्रकृतीही धड असते, आणि तरीसुद्धा कागदावर पहिले वाक्य उतरत नाही. उतरलेच तर दुसरे येण्यापूर्वीच ते परके वाटू लागते, आणि सायंकाळपर्यंत खोडलेल्या ओळींखेरीज हाती काही लागत नाही. ज्यांच्याकडून दर आठवड्याला किंवा दर पंधरवड्याला मजकुराची अपेक्षा असते अशा स्फुटलेखकांना ही अवस्था विशेष क्लेशदायक होते, कारण त्यांच्या मौनाला मुदत लागलेली असते. ग्रंथकाराचे मौन वर्षभर कोणाच्या ध्यानात येत नाही. सदर लिहिणाऱ्याचे मौन पहिल्याच आठवड्यात उघड होते, आणि ते उघड होणार या धास्तीनेच पुष्कळदा ते अधिक लांबते.

या अवस्थेवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी एकांत शोधावयास सांगतो, कोणी नित्य ठरलेल्या वेळी बैठक मारावयास सांगतो, कोणी नुसते फिरून येण्याचा सल्ला देतो. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने तर गेल्या शतकाच्या चाळिशीत हिची गणना मनोविकारांत करून तिचे मूळ लेखकाच्या अंतर्मनात दडलेले असल्याचे प्रतिपादन केले. यांपैकी कोणतीही गोष्ट अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु इतक्या वर्षांच्या लिहिण्यातून आणि न लिहिण्यातून माझी अशी धारणा होत गेली आहे की, लेखणी अडते तेव्हा आशय क्वचितच आटलेला असतो. आटलेले असते ते लिहिणारा आणि ज्याच्यासाठी तो लिहितो तो, या दोघांमधले बोलणे. लिहिता लिहिता केव्हातरी लेखकाची दृष्टी वाचकावरून उठते आणि स्वतःवर येऊन बसते. आपण कसे दिसतो, आपले म्हणणे नवीन ठरेल की नाही, पूर्वीच्या लौकिकाला ते शोभेल की नाही, असे प्रश्न तो स्वतःला विचारू लागतो, आणि त्या प्रश्नांना उत्तरे देण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडते. ही धारणा पारखून घ्यावयास मला अहमदनगर जिल्ह्याइतकी, आता ज्याचे नामाभिधान अहिल्यानगर झाले आहे त्या जिल्ह्याइतकी, अनुकूल भूमी दुसरी दिसत नाही. प्रवरेच्या काठच्या नेवाशापासून नगर शहरातल्या भुईकोट किल्ल्यापर्यंत या भूमीत जे लिहिले गेले, ते कसे लिहिले गेले याचा विचार मी पुनःपुन्हा करीत आलो आहे.

राहुरी तालुक्यातील ताहराबादेस १७१५ साली जन्मलेले महिपती हे त्या गावचे वंशपरंपरागत कुलकर्णी होते. कुलकर्ण्याच्या लेखणीस अडण्याची मुभाच नसते. गावची जमाबंदी, लावणी, वसूल आणि बाकी, रयतेच्या नावाची खाती, कचेरीतून आलेल्या हुकमाची तामिली, हे सारे वेळच्या वेळी दप्तरात चढले पाहिजे. त्यात सुचण्या-न सुचण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण हे कागद कोणाला दाखवावयाचे आहेत आणि त्याला त्यातून काय हवे आहे, हे लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक असते. सांगतात ते असे की, एके दिवशी महिपती देवपूजेत असता जहागीरदाराचा शिपाई कचेरीचे बोलावणे घेऊन आला, आणि पूजा आटोपून येतो असे म्हटल्यावर त्याने मर्यादा सोडून शब्द वापरले. महिपतींनी कचेरीत जाऊन काम उरकले, घरी परत येऊन बोरू विठ्ठलापुढे ठेवला, आणि यापुढे हा बोरू सरकारी दप्तरास लागणार नाही, संतांच्या चरित्रांसच लागेल, अशी प्रतिज्ञा केली. ही कथा भाविकांच्या परंपरेने जतन केलेली आहे आणि तिचा तपशील तोलण्याचे साधन आपल्यापाशी नाही. तथापि तिच्यात मला एक फार मोलाची गोष्ट दिसते. महिपतींनी लेखणी टाकली नाही, बैठक मोडली नाही, कुलकर्ण्याचा नेमही सोडला नाही. त्यांनी केवळ धनी बदलला. ज्याच्यासाठी लिहावयाचे तो बदलताच, वसूलबाकीच्या हिशेबात मुरलेला तोच हात संतचरित्रे लिहू लागला. १७६२ साली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा सत्तावन्न अध्यायांचा 'भक्तविजय' सिद्ध झाला, १७७४ साली 'भक्तलीलामृत' झाले, आणि १७९० मध्ये देह ठेवीपर्यंत ही लेखणी चालत राहिली.

त्यांच्या ग्रंथकर्तृत्वातील आणखी एक विशेष आजच्या लिहिणाऱ्याने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. 'भक्तविजया'त महिपती स्वच्छपणे सांगून टाकतात की, ही चरित्रे आपल्या बुद्धीने रचलेली नव्हेत. उत्तरेकडे नाभाजींनी आणि इकडे उद्धवचिद्घनांनी जे वर्णिले, त्याच्या आधाराने आपण ही गुंफण केली आहे. या कबुलीस कोणी केवळ विनयाचा संकेत समजेल. मला ती त्यांच्या अखंड लेखनाची किल्ली वाटते. आपण सांगतो आहोत ते पूर्वी कोणी सांगितले नसावे, हा आग्रह ज्या लेखकाच्या मानेवर बसला त्याचा हात थरथरणारच. महिपतींच्या मानेवर तो नव्हता. त्यांच्यापुढे होते ते कीर्तनास जमलेले श्रोते, वारीत चालणारी माणसे, ज्यांना नामदेव, गोरोबा, चोखामेळा यांच्या कथा आपल्या भाषेत, आपल्या ओवीत ऐकावयाच्या होत्या. त्यांची ती गरज खरी होती, आणि खऱ्या गरजेपुढे नावीन्याची चिंता आपोआप गळून पडते. इंग्लंडात अँथनी ट्रॉलप हा टपाल खात्यातला अधिकारी रोज पहाटे, कचेरीस जाण्यापूर्वी, पुढ्यात घड्याळ ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द या हिशेबाने कादंबऱ्या लिहीत असे. त्याची ही शिस्त वाखाणली जाते आणि ती वाखाणण्याजोगीही आहे, परंतु शिस्तीने हात चालतो एवढेच. कोणासाठी चालावे हे शिस्त सांगत नाही.

नेवाशाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्या ग्रंथाविषयी बोलताना माझा अधिकार तोकडा पडतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तेथे गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. समोर श्रोते आहेत, गुरू निवृत्तिनाथ बसलेले आहेत, आणि त्यांचे तेथे असणे ग्रंथात पदोपदी जाणवते. वक्ता त्यांच्याजवळ अवधान मागतो, विषयांतर झाले तर त्यांची क्षमा मागतो, त्यांच्या मनातल्या शंका स्वतःच उपस्थित करून त्यांचे निरसन करतो. मराठीतील हा सर्वांत थोर ग्रंथ एकांतात लिहिला गेला नाही, भरल्या सभेत बोलला गेला, ही गोष्ट आपण सारे जाणतो. परंतु लेखनाच्या शास्त्रास तिच्यातून काय मिळते याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आता किल्ल्याकडे येतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव संमत होताच ९ तारखेच्या पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, आपले शंकरराव देव अशी ती मंडळी. बाहेर चाललेल्या रणधुमाळीपासून त्यांना पूर्णपणे तोडून टाकण्याचा सरकारचा बंदोबस्त होता. नेहरूंपुरते बोलावयाचे तर तुरुंग आणि लेखन यांची त्यांच्या बाबतीत जुनीच सांगड होती. कन्या इंदिरेस पत्रे लिहिता लिहिता त्यांनी १९३० ते १९३३ या काळात जगाचा इतिहास सांगितला होता, आणि १९३४-३५ च्या कारावासात आत्मचरित्र लिहून काढले होते. अशा लेखकाला सक्तीची विश्रांती मिळाल्यावर तो पहिल्याच महिन्यात नवा ग्रंथ हाती घेईल असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात वीस महिने लोटले तरी ग्रंथाचा आरंभ झाला नाही.

या वीस महिन्यांत त्यांनी केले काय, तर हाती कुदळ घेऊन बाग खणली. भर उन्हात ते वाफे तयार करीत असत. किल्ल्यातली जमीन वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या मलब्याने भरलेली. कुदळ मारावी तर कोठे जुनी भिंत लागे, कोठे जमिनीत गडप झालेल्या घुमटाचा माथा लागे, आणि एकदा तर भिंतीवर कोरलेले एक सुंदर दगडी कमळ हाती लागले. ज्या भूमीत चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली तिच्या पोटातून हे अवशेष वर येत होते. फार खोल खणावयास तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. अखेर १९४४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कुदळ बाजूस ठेवून लेखणी उचलली, आणि तसे ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात नमूदही केले.

त्याच प्रकरणात, आपल्याला इतके दिवस लिहिता का आले नाही याचे विवेचन नेहरूंनी केले आहे, आणि अडलेल्या लेखणीविषयी इतके प्रामाणिक विवेचन मी अन्यत्र फारसे वाचलेले नाही. देहरादूनच्या तुरुंगात सुरू केलेले एक लेखन त्यांच्या हातून अपुरे राहिले होते आणि याचीही तीच गत होईल अशी शंका त्यांना होती. वर्तमानकाळाविषयी लिहावे तर कृती करण्याचे स्वातंत्र्य नाही, आणि जे कृतीतून अनुभवता येत नाही त्याविषयी लिहिणे त्यांच्या प्रकृतीस मानवत नव्हते. भविष्याविषयी लिहावे तर भविष्यवेत्त्याची भूमिका त्यांना नको होती. उरला भूतकाळ, परंतु इतिहाससंशोधकाचे पांडित्य आणि शिक्षण आपल्यापाशी नाही हे त्यांना ठाऊक होते. तिन्ही दरवाजे बंद झाल्यावर त्यांनी जी वाट काढली ती अशी की, पंडिताच्या अधिकाराने लिहिण्याची अटच आपण आपणास घालावयाची नाही. भूतकाळ आपल्या आजच्या विचारांना आणि भावनांना जेथे जेथे स्पर्श करतो तेथून तो सांगावयाचा. म्हणूनच हजारो वर्षांच्या संस्कृतीचा वेध घेणारा हा ग्रंथ सिंधूच्या खोऱ्याकडे वळण्यापूर्वी युरोपातल्या एका रुग्णालयात, कमला नेहरूंच्या आजारपणापाशी आणि १९३६ साली लोझान येथे झालेल्या त्यांच्या मृत्यूपाशी थांबतो. कित्येक टीकाकारांना ही रचना सैल वाटली आहे. मला ती अपरिहार्य वाटते. ज्या दुःखाविषयी बोलणे वर्षानुवर्षे राहून गेले होते ते बोलल्यावाचून पुढची हजार पाने वाहती झाली नसती.

आणि ती खरोखरच वाहती झाली. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत सुमारे एक हजार हस्तलिखित पृष्ठे भरली. १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' प्रसिद्ध केले. अर्पणपत्रिकेत नाव आहे ते किल्ल्यातल्या सहबंदिवानांचे. प्रस्तावनेत आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण मानलेले आहे; कोणी संस्कृतात, कोणी फारसी-अरबीत पारंगत अशा या विद्वानांशी रोज चर्चा होत असे, आणि त्यांच्यातल्या काहींनी हस्तलिखित वाचून सूचनाही केल्या. तटाबाहेरचे कोट्यवधी वाचक त्या वेळी अदृश्य होते. परंतु शेजारच्या खोलीत वाचणारा माणूस होता. वीस महिन्यांची कुदळ आणि हे शेजारचे वाचक यांपैकी अधिक श्रेय कोणाला द्यावे हे मला ठरविता येत नाही, परंतु ती वीस महिन्यांची मेहनत फुकट गेली असे मात्र मला क्षणभरही वाटत नाही. वर्तमानाच्या पातळ थराखाली गाडलेल्या भिंती आणि घुमट रोज हाताला लागत असता मनाच्या आत काय घडत होते, त्याची साक्ष पुढे त्या ग्रंथाच्या रचनेनेच दिली.

मौलाना आझादांची युक्ती याहून विलक्षण होती. किल्ल्यात येताच दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस उर्दूत पत्रे लिहिण्यास आरंभ केला, आणि ही पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना पुरते ठाऊक होते. पहाटे सर्वांच्या आधी उठून, आपल्या हातांनी चिनी चहा सिद्ध करून, ते या अनुपस्थित मित्राशी बोलत बसत: चहाच्या जातींविषयी, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी, ईश्वराविषयी, संगीताविषयी. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यास वारल्या. भेटीसाठी सुटकेचा अर्ज सरकारकडे करावयास त्यांनी नकार दिला होता. ती वार्ताही त्यांनी थोड्याच दिवसांत याच मित्रास लिहिली. पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने ही पत्रे छापली गेली आणि उर्दू गद्याचा तो एक मानदंड ठरला. मजकूर सर्वांसाठी लिहावयाचा असता तर आझादांसारखा संकोची, स्वतःविषयी अबोल माणूस चहाच्या पेल्यावर इतकी पाने लिहू शकला असता का, याची मला दाट शंका आहे. पत्र पोचणार नव्हते, परंतु ते कोणाचे होते हे ठरलेले होते.

एकांत मिळाला की लेखन आपोआप होते असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्याच तटांच्या आत तेवढाच एकांत भोगलेल्या सरदार पटेलांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा तो पिंड नव्हता. आचार्य नरेंद्र देवांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या हिंदी अनुवादाचे काम तेथे केले. अनुवादाकडे मी विशेष आदराने पाहतो. स्वतःचे सुचत नसेल त्या काळात दुसऱ्याच्या शब्दांची चाकरी करणे, एकेका वाक्याचा भार आपल्या भाषेत पेलून पाहणे, यासारखा लेखणीचा व्यायाम दुसरा नाही. आणि या चाकरीत लेखकाला आपल्या लौकिकाची आठवण राहत नाही, हा तिचा मोठा गुण.

याच जिल्ह्यातील एका लेखिकेचे नाव या संदर्भात मला सर्वांत आधी आठवते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे दीर्घकाळ वास्तव्य नगरास होते; राहुरीसही ते कुटुंब राहिले होते; १८४२ साली नगरातच सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'च्या संपादनात पुढे टिळकांचा हात होता. नियतकालिकाच्या नित्य मागणीस ते पुरे पडत, कविता तर त्यांच्या मुखातून सहज निघत. परंतु ज्यावर त्यांनी आपले सर्वस्व लावावयाचे ठरविले होते ते 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले आणि १९१९ साली टिळक गेले. ते काव्य पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि साठांहून अधिक अध्याय रचून पूर्ण केले. शाळेचे शिक्षण नाही, अक्षरओळख लग्नानंतर पतीने करून दिलेली, शुद्धलेखनाची धास्ती जन्मभर. अशा स्त्रीने पतीचे अपुरे काव्य हाती घ्यावे यामागे कीर्तीची इच्छा शोधणे व्यर्थ आहे. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चाही उगम तसाच: मुलाला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी आठवणी हव्या होत्या, आणि त्याने आईला त्या लिहावयास लावले. १९३४ पासून पुढे भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाच्या तोडीचे गद्य मराठीत फार थोडे आहे. विद्वत्तेच्या ओझ्याखाली कित्येकांची लेखणी मोडलेली मी पाहिली आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखणीला मुलाला सांगावयाच्या गोष्टींखेरीज दुसरे ओझे नव्हते.

हे सारे विचारात घेतल्यावर मी स्वतःपुरती काही तजवीज केली आहे. लेखणी अडली की मी विषय शोधीत नाही; माणूस शोधतो. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही आणि ठाऊक व्हावी असे मला मनापासून वाटते असा एखादा परिचित, अकोल्याच्या डोंगराळ भागातला एखादा शिक्षक, पाथर्डीकडची ऊसतोडीस जाणाऱ्या घरातली एखादी शिकणारी मुलगी, डोळ्यांपुढे आणतो आणि त्यास पत्र लिहावयास घेतो. मायना लिहिला की पुष्कळदा पहिले वाक्य मागोमाग येते, आणि लेख पुरा झाल्यावर मायना काढून टाकला तरी मजकुराचे काही बिघडत नाही. तेही साधले नाही तर एखाद्या जुन्या कागदाची नक्कल करावी, एखादे पान भाषांतरावे, किंवा सरळ बाहेर पडून हातांना काम द्यावे. मात्र एक सावधगिरी मला अवश्य वाटते. प्रत्येक मौन मोडावयाचे नसते. शोकाचे मौन, अभ्यासाचे मौन, आपले मत अद्याप बनलेले नाही हे ओळखून पाळलेले मौन, यांना लेखणीचा अडथळा समजून जो त्यांच्यावर तोडगे करतो त्याच्या हातून मजकूर निघतो, परंतु त्यात जीव नसतो. जे लिहून घेणारे आहेत, संपादक म्हणा, वाचक म्हणा, त्यांनीही हा विवेक बाळगावा असे मला कळकळीने सांगावेसे वाटते; मुदतीचा तगादा लावण्यापूर्वी लेखकाला, हे तुम्ही कोणासाठी लिहिणार आहात, एवढे विचारले तर पुष्कळांचे काम सोपे होईल.

महिपतींचा 'संतविजय' अपुराच राहिला. नेहरूंच्या हातून तर स्वातंत्र्यानंतर मोठा ग्रंथ असा पुन्हा झालाच नाही. राज्यकारभाराने ती सवड त्यांना दिली नाही. परंतु १९४७ च्या ऑक्टोबरात त्यांनी प्रांतोप्रांतीच्या मुख्यमंत्र्यांना पंधरवड्यास एक याप्रमाणे पत्रे लिहावयास घेतली, आणि काही खंड पडले तरी १९६३ पर्यंत ती चालविली. पुढे ती पाच खंडांत छापली गेली.